थंडोबाचं इन्सुलिन

माझा थोरला भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली, दुसरा धंदा नाही. बाजारात त्याला सगळे थंडोबा म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्याची आणि दादाची गाठ पडलेली नसणार, कारण थंड असं त्या माणसात औषधालासुद्धा सापडायचं नाही. गिऱ्हाइकानं "जरा लवकर होईल का?" एवढं विचारलं की तो हातातला पाना खाली ठेवतो, फडक्याला हात पुसतो आणि म्हणतो, "घेऊन जा घरी. फुंकर मारून गार करा." तरी गिऱ्हाईक हलत नाही, कारण काम चोख. फ्रिजच्या पाठीवर तळहात टेकून मिनिटभर उभा राहतो आणि सांगतो, गॅस गेलाय, की नळी तुंबलीय, की नुसती दाराची रबरपट्टी सैल झालीय. उघडून बघावं तर तेच निघतं.

त्याच्या दुकानापासून तिसरं दुकान माझं. मी फुलं विकते. लग्नाची, वाढदिवसाची, इस्पितळात न्यायची आणि शेवटच्या प्रवासाचीही. दुकानात काचेचं उभं कपाट आहे, त्यात फुलं गार राहतात. ते दादानंच बांधून दिलं, आणि बटणावर चिकटपट्टी लावून बजावलं, "पाच डिग्रीच्या खाली न्यायचं नाही. थंडीनंही फुलं करपतात." मी बटणाला कधी हात लावलेला नाही. त्याची ओरड ऐकण्यापेक्षा ते बरं.

तर या दादाला अकरा वर्षांपासून शुगर. गोळ्या होत्या, पण त्या तो हवापाणी बघून घ्यायचा. बरं वाटलं की बंद, चक्कर आली की दोन. पथ्याच्या नावानं तर आनंदच. वहिनी घरी बिनसाखरेचा चहा करायची, तो निमूट प्यायचा आणि दुकानात येऊन दोन चमचे घातलेला दुसरा मागवायचा. बिस्किटांचा डबा स्पेअर पार्टच्या खोक्यात, वर "जुने थर्मोस्टॅट" असं लिहिलेलं. वहिनीनं विचारलं तर शपथेवर सांगायचा, "अगं, गोडाला स्पर्श नाही." मी समोर बसलेली असताना सांगायचा, वर मलाच डोळे वटारायचा. धडधडीत खोटं बोलायचा, आणि ते त्याला छान जमायचं.

गेल्या वर्षी एका फ्रिजच्या तांब्याच्या नळीला डाख देताना वितळलेल्या धातूचा थेंब त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. चपलेतून बाहेर आलेला अंगठा, आणि त्याला पत्ता नाही. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "अहो, पायाला काय लागलंय?" तेव्हा खाली बघितलं. मला मोठ्या ऐटीत सांगत आला, "एवढा भाजलो, पण दुखलं म्हणून नाही. अंगात सहनशक्ती पाहिजे." मीही मूर्खासारखी मान डोलावली. तीन आठवडे त्यानं घरचंच मलम चोळलं. मग वास यायला लागला.

इस्पितळातला सर्जन काटकुळा आणि कमी बोलणारा होता. त्यानं पाय उलटासुलटा करून बघितला, सुई टोचून "समजतंय का?" विचारलं. दादा म्हणाला, "काय समजायचं?" सर्जननं रक्ताचा कागद वाचला आणि आम्हा तिघांना समोर बसवलं.

"अंगठ्याला रक्त अजून पोचतंय," तो म्हणाला. "साखर खाली आली तर जखम भरेल. सहा आठवडे थांबतो. नाही आली तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावर थांबेल, अशी हमी मी देत नाही."

साखर खाली आणायचं काम शुगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी गोळ्यांचा इतिहास ऐकला, पानभर काहीतरी खोडलं आणि म्हणाल्या, "आता इन्सुलिन. रोज सकाळी, पोटात, स्वतःच्या हातानं."

दादा बाहेर आला तो पांढराफटक पडून. आमच्याकडे सुई म्हणजे शेवट, असाच सगळ्यांचा समज. मला खरंच भीती वाटली. फ्रिज पाठीवर टाकून जिना चढणारा माणूस तो, आणि त्या दिवशी दवाखान्याच्या तीन पायऱ्या कठड्याला धरून उतरला.

बातमी बाजारात माझ्याआधी पोचली होती. मग काय विचारता! फुकट सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

सगळ्यात पुढे मास्तर. मास्तर म्हणजे वहिनीचा थोरला भाऊ. पण त्याआधी तो शाळेत दादाच्या बाकावर बसलेला, त्यामुळे दोघांचं अरे-तुरे. जन्मभर शाळेत कवायत शिकवली, आता निवृत्त. रोज सकाळी सहा फेऱ्या मैदानाला, कडक इस्त्रीची पॅन्ट, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच इलाज, चालणे. दादाच्या दुकानात स्टुलावर बसून त्यानं जाहीर केलं, "इन्सुलिन म्हणजे कुबडी. एकदा घेतली की पाय चालायचं विसरतात. मला बघ. मला पण थोडी शुगर आहे. पण आपण शिस्तीत ठेवलीय."

समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला. "माझ्या सासऱ्यांनी सुई घेतली, सहा महिन्यांत गेले."

"वय काय होतं?" मी विचारलं.

"ब्याण्णव."

"मग काय अन्याय झाला म्हणायचा!" मी म्हणाले. तो चिडून परत गेला, पण दादाच्या डोक्यात ते 'सहा महिन्यांत गेले' तेवढं राहिलं.

एका गिऱ्हाईक बाईनं कडू बियांची पूड आणून दिली, उपाशीपोटी घ्यायची. दुसरीनं सांगितलं, उपाशी राहायचंच नाही, दर दोन तासांनी खायचं. दादाची मुलगी परगावी नोकरीला असते, तिनं फोनवर बजावलं, "बाबा, कुणाचं ऐकू नका, डॉक्टर सांगतील तेच करा," आणि फोन ठेवल्यावर स्वतःच अकरा व्हिडिओ पाठवले. एकात सांगितलं होतं भात बंद, दुसऱ्यात भात गार करून खा, तिसऱ्यात एक गृहस्थ इन्सुलिन सोडून डोंगर चढत होते. दादानं ते सगळे बघितले. दिवसभर दुकानात तोच आवाज.

शेवटी तो माझ्या दुकानात आला, उलट्या बादलीवर बसला आणि पाय पुढे करून म्हणाला, "धाकटे, माझं काम उभ्यानं करायचं आहे. एका पायावर फ्रिज उचलता येत नाही. मी घेतो सुई."

"बरं," मी म्हणाले.

"आणि बिस्किटं बंद. खरंच बंद."

त्यानं तो "जुने थर्मोस्टॅट" लिहिलेला डबा माझ्यासमोर रिकामा केला. मला तेव्हा ते खरं वाटलं होतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी काय केलं ते काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

सुई घ्यायला नर्सबाईंनी शिकवलं. बाई पन्नाशीच्या, हात मऊ, बोलणं भरभर. बाटलीत हवा कशी भरायची, औषध किती ओढायचं, पोटाची चिमटी कशी धरायची. दादानं एकदाच बघितलं आणि करून दाखवलं. जन्मभर फ्रिजमध्ये मोजून गॅस भरलेला माणूस, त्याला दहा युनिट मोजणं काय अवघड! बाई खूश झाल्या. मग साखर फार उतरली तर काय होतं ते सांगितलं, घाम येतो, हात थरथरतात, माणूस बरळतो, तेव्हा ताबडतोब गोड द्यायचं. हे मी ऐकलं, दादानं नुसतं हुं केलं. शेवटी बाई म्हणाल्या, "आणि बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. आता फ्रिजमध्ये कुठं ठेवायच्या, तर..."

"बाई," दादा म्हणाला, "फ्रिजचं मला सांगताय?"

मी हसले आणि त्याचा धंदा सांगितला. बाईही हसल्या. "मग प्रश्नच मिटला," म्हणाल्या आणि माहितीचा कागद घडी घालून पिशवीत टाकला. बाहेर रांग लागलेली होती.

दादाच्या घरचा फ्रिज म्हणजे दिव्याखाली अंधार. दार लागावं म्हणून वहिनीनं रबरी पट्टा अडकवलाय. "त्या डबड्यात माझं औषध ठेवायचं नाही," दादानं ठरवलं आणि दुकानातला एक छोटा फ्रिज त्यासाठी नव्यानं बांधला. नवा कॉम्प्रेसर, नवा गॅस, बटण शेवटच्या आकड्यावर. चार बाटल्या आणल्या होत्या, त्या मागच्या भिंतीला टेकवून रांगेत लावल्या, जिथं सगळ्यात जास्त गारवा. औषधाची एवढी बडदास्त कुणी ठेवली नसेल. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम सुई.

चौथ्या दिवशी त्यानं मला हाक मारली. हातात बाटली होती आणि आत बर्फाच्या सुया चमकत होत्या.

"बघ," तो म्हणाला. "पाण्याचा बर्फ कुणीही करतं. याला म्हणतात कूलिंग."

"गोठलं की रे ते," मी म्हणाले.

"गोठलेलं कधी नासतं का? मासे बर्फात ठेवतात, मटण बर्फात ठेवतात. बर्फात ठेवलेली वस्तू आहे तशी राहते. चाळीस वर्षं हेच विकतोय मी."

बोलणं पटण्यासारखं होतं. मी "वा!" म्हणाले. त्यानं बाटली मुठीत धरली, पाण्यासारखी झाली, दहा युनिट मोजून ओढले आणि शर्ट वर केला. मी हे पाहिलेलं आहे. दोन डोळ्यांनी, हातभर अंतरावरून.

आठवड्यानं साखर तपासली, तीनशे दहा. डॉक्टरीणबाईंनी दहाचे सोळा केले. पुढच्या आठवड्यात तीनशे चाळीस. सोळाचे चोवीस. मास्तर स्टुलावर बसून म्हणाला, "सांगत होतो." न्हाव्यानं नुसती मान हलवली, पण अशी हलवली की सासरे आठवावेत. कडू पूडवाली बाई दुप्पट पूड घेऊन आली.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "एक विचारू? तुम्ही खरंच घेता ना?"

"घेतो."

"आणि खाण्याचं?"

"गोडाला स्पर्श नाही."

बाईंनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं खाली बघितलं. तेच वाक्य तिनं अकरा वर्षं ऐकलं होतं. आमच्या दादाची गंमत ही, की अकरा वर्षं तो खोटं बोलला तेव्हा लोकांनी चालवून घेतलं, आणि सहा आठवडे खरं बोलला तेव्हा एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही. चोविसाचे छत्तीस झाले.

वहिनी त्याचे खिसे तपासायला लागली. धुवायचे कपडे हुंगून बघायची. एकदा तो बाहेर गेल्यावर दुकानात येऊन सगळी खोकी उपसली, माझ्या मदतीनं. खोक्यात थर्मोस्टॅटच निघाले. मी तिच्याही पुढची. त्याच्या अर्ध्या कपातला चहा मी चाखून बघितला. फिका होता. तरी मी मनात म्हटलं, म्हणजे दुसरीकडे कुठंतरी पितो. माणसाच्या मनाची काय रीत असते बघा! पुरावा नाही सापडला, की चोर हुशार आहे असं वाटतं.

दादाला हे कळत होतं. आधीचा दादा असता तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता तो गप्प बसायचा आणि जेवण कमी करायचा. भात सोडला, फळ सोडलं, सकाळी ब्रेडचा एक तुकडा आणि दुपारी भाजीचं पाणी. "बघू आता कशी येते साखर," म्हणायचा. गालफडं बसली. अंगठ्याची पट्टी वहिनी रोज बदलायची आणि रोज सांगायची, "तसंच आहे." पाचव्या आठवड्यात ते सांगायचीही थांबली. कडेनं काळं चढत होतं.

सहाव्या आठवड्यात चार बाटल्या संपल्या. त्याच दिवशी सकाळी माझं कपाट खडखडायला लागलं. आत दोन लग्नांची फुलं. मी दादाला बोलावलं. तो येताना वाटेत औषधाच्या दुकानातून नवी बाटली घेऊन आला, शर्टाच्या खिशात. "वेळ झालीय," म्हणाला आणि माझ्या मागच्या खोलीत जाऊन छत्तीस युनिट टोचून आला. पोटात ब्रेडचा तुकडा होता, तोही अर्धा.

मग कपाटाचं खालचं झाकण काढून जमिनीवर आडवा झाला. मी गुलाबांचे काटे काढत होते. दहा-अकराच्या सुमाराला तो माझ्यावर ओरडला, पाना का लपवलास म्हणून. पाना त्याच्या हातात होता. मला वाटलं, नेहमीचंच. थोड्या वेळानं म्हणाला, "आईला सांग, मला उशीर होईल." आमची आई जाऊन वीस वर्षं झाली. मी वळून बघितलं तर तो भिंतीला टेकून बसला होता, फुलांच्या बादल्यांमध्ये, शर्ट घामानं चिंब, आणि बोटं अशी थरथरत होती की पाना फरशीवर टकटक वाजत होता.

नर्सबाईंचं बोलणं मला तेव्हा आठवलं, हे माझं नशीब. घाम, थरथर, बरळणं. पण मला पटेना. तीनशे साखर असणाऱ्या माणसाची साखर उतरेल कशी? तरी मी साखरेची बरणी उचलली. फुलवाल्याकडे ती असतेच, फुलदाणीच्या पाण्यात चिमूट घातली की फुलं चार दिवस जास्त टिकतात. ग्लासात मूठभर साखर टाकली, पाणी घातलं, ढवळलं आणि त्याच्या तोंडाला लावलं.

त्यानं दात आवळले.

"दादा, पी."

त्यानं मान फिरवली. दातांमधूनच म्हणाला, "साखर नाही. मी साखर खात नाही. सांग सगळ्यांना. तिला सांग. खात नाही मी."

मला रडू कोसळलं. त्याचा चहा चाखून बघणारी बाई मी, आणि हा मरायला टेकला तरी तोंड उघडत नव्हता! मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला, लहान पोरांचं धरतात तसं नाक दाबलं, आणि तो ओरडायला तोंड उघडतो न उघडतो तोच ओतलं. अर्धं शर्टावर सांडलं. अर्धं गेलं पोटात. मग दुसरा ग्लास. तो मला शिव्या देत होता, मी त्याला देत होते, आणि दारात एक गिऱ्हाईक पांढरी लिली मागायला आलेलं, ते तसंच मागच्या मागे निघून गेलं.

पंधरा मिनिटांनी त्याची नजर ठिकाणावर आली. ओठांवर जीभ फिरवून म्हणाला, "मला फुलांचं पाणी पाजलंस?"

"हो."

"कपाटाचा पंखा गेलाय. बदलावा लागेल," तो म्हणाला आणि उठायला लागला. मी त्याला उठू दिलं नाही. गाडी बोलावली आणि थेट दवाखाना.

नर्सबाईंनी बोट टोचून साखर बघितली, काहीतरी खायला दिलं आणि विचारलं, "आज वेगळं काय केलंत?"

"काही नाही. तेवढंच औषध. बाटली तेवढी नवीन. आजच घेतली, खिशात होती."

"आणि आधीच्या बाटल्या?"

दादाचा चेहरा जरा उजळला. फ्रिज, नवा कॉम्प्रेसर, शेवटचा आकडा, मागची भिंत, सगळं सांगितलं. "अगदी बर्फ व्हायचा," म्हणाला.

बाईंचा हात तिथंच थांबला. "गोठवत होतात?"

"मग!"

"अहो, गोठलं की इन्सुलिन मरतं. वितळलं तरी काही उपयोग नाही. तुम्ही सहा आठवडे पाणी टोचत होतात पोटात. आणि आज पहिल्यांदा खरं औषध गेलं, ते छत्तीस." बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मी सांगणार होते त्या दिवशी. दारातल्या कप्प्यात ठेवा म्हणून. सांगायला हवं होतं मी."

आता हा भडकणार, असं समजून मी पिशवी आवरती घेतली. तो भडकला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं, आणि मला तोंड आवरलं नाही. "दादा, माझ्या फुलांना तू पाचाच्या खाली जाऊ देत नाहीस."

"फुलं जिवंत असतात," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे नुसतं औषध आहे, असं वाटलं मला."

डॉक्टरीणबाई आल्या. ऐकलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं ठरवलं. माझं चुकलं."

"अकरा वर्षं बोलतच होतो की," दादा म्हणाला.

छत्तिसाचे बारा झाले. बाटली घरच्या फ्रिजच्या दारात गेली, रबरी पट्ट्याच्या मागे. वहिनीनं त्याला पूर्वीसारखं जेवायला घातलं आणि खिसे तपासणं सोडलं. दहा दिवसांत साखर एकशे सत्तरवर आली. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा दोनदा वाचून दाखवला. पण अंगठ्याला आकडे वाचता येत नाहीत. सर्जननं पट्टी सोडली, बघितलं आणि मान हलवली. मुळापर्यंत काळा पडला होता.

"काढावा लागेल," तो म्हणाला. "पण साखर आता खाली आहे. पाऊल राहील."

"राहील?" वहिनीनं विचारलं.

"राहील."

अंगठा काढला. आदल्या संध्याकाळी दादानं आम्हा दोघींना एवढंच सांगितलं, "गोठवल्याचं बाजारात बोलू नका." बरोबरच होतं त्याचं. फ्रिजवाल्यानं स्वतःच्या फ्रिजमध्ये औषध मारलं, हे कळल्यावर त्याच्याकडे दुरुस्तीला कोण येणार? आम्ही दोघींनी मान डोलावली. मी तर ठरवूनच टाकलं होतं की मरेपर्यंत बोलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मास्तर आणि न्हावी आले. मास्तर कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला, पाठ ताठ, हात मागे बांधलेले. चादरीखाली जिथं पाय होता तिथं बघितलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "सांगत होतो की नाही? घेतलं इन्सुलिन, गेला अंगठा. आता तरी सोड."

न्हावी म्हणाला, "माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच..."

शेजारच्या कॉटवरचा माणूस कुशीवर वळून ऐकायला लागला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी ओठ मिटून घेतले. दादानं डोळे मिटून घेतले होते. काही बोलला नसता तर विषय तिथंच संपला असता, कुणाचं काही बिघडलं नसतं.

"मास्तर," तो म्हणाला, "इन्सुलिननं नाही गेला. मी घालवला."

आणि सगळं सांगितलं. फ्रिज, भिंत, बर्फ. काही लपवलं नाही. नर्सबाईंना मधेच कसं अडवलं, तेही सांगितलं. "सहा आठवडे पाणी टोचत होतो. खरं औषध मिळालं तशी साखर उतरली. ते आधी मिळालं असतं तर अंगठा आज पायावर असता. चूक फ्रिजवाल्याची आहे. औषधाची नाही."

न्हाव्याला हसू फुटलं. "थंडोबा! औषधाचं आइस्क्रीम केलंस?" शेजारच्या कॉटवरचाही हसला. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या बाजारात होणार, हे मला न्हाव्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. दादालाही कळलं असणार. तो छताकडे बघत पडून राहिला, कान लाल झालेले. मला त्याचा एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

न्हावी दुकान उघडायचं म्हणून निघून गेला, हसतच. वहिनी चहा आणायला खाली उतरली. मास्तर मात्र हसलाही नव्हता आणि हललाही नव्हता. ती जिन्यापर्यंत गेली का, ते त्यानं वळून बघितलं. मग स्टूल ओढून दादाच्या उशाशी बसला आणि शर्टाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. घड्या पार मळल्या होत्या. मी उभी होते तिथून मला वरचं नाव वाचता आलं, आमच्याच डॉक्टरीणबाईंचं. खाली इन्सुलिन, दहा युनिट, रोज सकाळी. तारीख सहा आठवड्यांपूर्वीची.

"घरी कुणाला माहीत नाही," मास्तर म्हणाला.

दादानं कागद वाचला आणि परत त्याच्या हातात दिला.

शाळेच्या मैदानावर चारशे पोरांना एका शिट्टीत उभं करणारा माणूस. तो खाली वाकला आणि अगदी हळू, मलाही जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, "दुखतं का रे? सुई?"

दादानं चादर बाजूला केली आणि पट्ट्यांत गुंडाळलेला पाय त्याच्यासमोर धरला.

"सुईचं काही नाही, मास्तर," तो म्हणाला. "हे दुखतं."